अहवाल कोणासाठी लिहिला होता? : नगरच्या मिशनरी दांपत्यांची पत्रे वाचण्याविषयी

१/ थ्रेड.
अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'इथल्या मुलींच्या हाती पाटी यांनीच दिली' हे एक आणि 'ते सारे धर्मांतरासाठी होते' हे दुसरे. गंमत अशी की दोन्ही पक्ष पुरावा म्हणून एकाच साधनाकडे बोट दाखवतात : मिशनरी पती-पत्नींनी अमेरिकेला पाठवलेली पत्रे आणि अहवाल. ही पत्रे मुळात कोणाला लिहिली होती, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारत नाही.

२/ मी भिंगारची. इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. माझे मत आधीच सांगून टाकते. ही पत्रे म्हणजे हिशेब आहेत. पैसा पुरवणाऱ्याला त्याचा पैसा कुठे लागला हे सांगण्यासाठी ती लिहिली गेली. हिशेब खोटाच असतो असे नाही. पण वहीत रकाने कोणते असावेत हे पैसा देणारा ठरवतो, आणि ज्याला रकाना नाही ते वहीबाहेर राहते. नगरच्या शैक्षणिक इतिहासातले पुष्कळ काही असेच वहीबाहेर राहिले आहे.

३/ आधी जागा समजून घेऊ. भिंगार हे नगर शहराहूनही जुने. १४९० साली मलिक अहमदने बहमनी सैन्याचा पराभव केला तो याच परिसरात; शहराची स्थापना त्यानंतर चार वर्षांनी झाली. १७०७ मध्ये औरंगजेबाने अखेरचा श्वास घेतला तोही इथल्याच छावणीत. १८०३ मध्ये नगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे भिंगारलगत त्यांची लष्करी छावणी वसली. छावणी म्हणजे टपाल, डॉक्टर आणि इंग्रज अधिकारी हाताशी. परदेशातून येऊन पत्रांच्या आधारावर जगणाऱ्या माणसांना या तिन्हींची गरज होती.

४/ आता पत्रांचे दुसरे टोक. अमेरिकेत १८१० साली परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्यालय बॉस्टनला होते. आपण त्याला 'अमेरिकन बोर्ड' म्हणू. या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. 'अमेरिकन मराठी मिशन' या नावाने जे काम पुढे ओळखले गेले, त्याचा आरंभ इथे झाला.

५/ त्याच पहिल्या तुकडीत सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट होती. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्यात राहू दिले नाही. नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशस बेटावर हॅरिएट वारली. वय अवघे १९. तिने हिंदुस्थानात एकही शाळा चालवली नाही. तरीही तिची पत्रे आणि रोजनिशी यांतून तयार झालेले चरित्र अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. शाळा उभी राहण्याआधीच शाळेच्या बातमीची वाट पाहणारा वाचक तयार झाला होता.

६/ पैसा कुठून येई? काही मोठे दाते होते. पण मुख्य आधार होता गावोगावची चर्चे, महिला मंडळे आणि रविवारच्या शाळांतल्या मुलांची नाणी. ही माणसे बांधून ठेवण्यासाठी बोर्डाचे 'मिशनरी हेराल्ड' हे मासिक होते. मिशनऱ्यांची पत्रे निवडून, कापून-छाटून त्यात छापली जात. शिडाच्या जहाजांच्या काळात इकडचे पत्र तिकडे पोहोचायला कित्येक महिने लागत. उत्तर परत हाती येईपर्यंत वर्ष उलटू शके. एवढ्या अवधीत पत्रातल्या विद्यार्थ्याने शाळा सोडलेलीही असे.

७/ डिसेंबर १८३१ मध्ये नगरला मिशनचे ठाणे सुरू झाले. ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी हे पहिले तिघे. त्यांपैकी विल्यम हर्वी वर्षभराच्या आतच कॉलऱ्याने गेले. त्यानंतर आलेले हेन्री बॅलंटाइन आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी मात्र नगरमध्ये जवळजवळ तीन दशके काढली. १८६५ साली मायदेशी निघालेले हेन्री वाटेतच, समुद्रावर वारले. त्यांनी केलेली मराठी ख्रिस्ती गीते पुढेही उपासनेत गायली जात राहिली.

८/ इथे वहीतला पहिला रकाना पाहा. सुरुवातीच्या काळात बोर्डाच्या यादीत नवरा 'मिशनरी' आणि बायको 'सहाय्यक मिशनरी'. पत्राखाली सही बहुधा त्याची. मुलींना वाचायला शिकवणे, शिवण, वसतिगृहाचे जेवणखाण, आजारी मुलीच्या उशाशी रात्र काढणे ही कामे तिची. शिकवणारी एक आणि कळवणारा दुसरा, अशी ही वाटणी होती. म्हणून 'मिशनरी दांपत्याचे शैक्षणिक कार्य' असे म्हणताना आपण बहुतेकदा अर्ध्या दांपत्याचे पत्र वाचत असतो.

९/ या रचनेत न बसणारी एक बाई होती. सिंथिया फरार. १८२७ साली ती मुंबईत आली. बोर्डाने समुद्रापार धाडलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी एक. मिशनने मुंबईत १८२४ पासून मुलींच्या शाळा चालवल्या होत्या. त्यांचे काम तिच्याकडे आले. १८३९ पासून ती नगरला राहिली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नवऱ्याच्या सहीची सोय नसल्यामुळे तिचे काम तिच्याच नावाने नोंदवावे लागले. ती एकटी नसती, तर आज तिचे नाव तरी आपल्याला ठाऊक असते का?

१०/ जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्याकडे आले असताना जोतीरावांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही फरार यांचे नाव जोडले जाते. नगरच्या एका वर्गात डोकावून गेलेल्या पाहुण्याने पुढे महाराष्ट्राच्या शिक्षणाची दिशाच बदलली.

११/ आता विचार करा, या घटनेला वहीत रकाना कुठला? शाळा किती, पटावर मुली किती, बाप्तिस्मा किती जणांनी घेतला, एवढे विचारले जाई. 'शाळा पाहायला आलेल्या एका हिंदू तरुणाने ही कल्पना उचलली आणि कोणत्याही मिशनशिवाय स्वतःची शाळा काढली' हे कोणत्या आकड्यात बसवणार? धर्मप्रसाराच्या मापाने ते यश नव्हेच. आपल्या मापाने मात्र नगरच्या शाळेची ती सर्वांत मोठी फलश्रुती आहे. जोतीरावांनी शाळेचे तंत्र घेतले आणि हेतू स्वतःचा ठेवला. म्हणूनच 'हे सारे मिशनऱ्यांनी दिले' हेही खरे नाही आणि 'मिशनऱ्यांशी काही संबंध नव्हता' हेही खरे नाही.

१२/ देणाऱ्याची अपेक्षा कुठवर जाई, याचे उदाहरण शेजारच्या सिलोनमध्ये सापडते. याच बोर्डाच्या जाफन्यातील निवासी शाळांत एखाद्या मुलाचा वार्षिक खर्च उचलणाऱ्या अमेरिकन दात्याला त्या मुलाचे नाव ठेवण्याची मुभा असे. तमिळ घरात जन्मलेले पोर बॉस्टनकडच्या कुणाचे तरी नाव घेऊन वावरे. दात्याला पत्रात ते नाव वाचून आपुलकी वाटे. मुलाच्या आईला काय वाटे, हे विचारणारे पत्र तिकडून येत नसे.

१३/ भाषाही देणाऱ्याच्या कानाला रुचेल अशी. १८६८ मध्ये बॉस्टनला स्त्रियांचे स्वतंत्र मिशन मंडळ निघाले. त्याच्या नियतकालिकाचे मूळ नाव होते 'लाइफ अँड लाइट फॉर हीदन विमेन', म्हणजे 'धर्महीन स्त्रियांसाठी जीवन आणि प्रकाश'. काही वर्षांनी नावातला 'हीदन' गळाला आणि 'फॉर वुमन' एवढेच उरले. ज्या नगरच्या मुलींसाठी त्या वर्गणीदार बायका काटकसर करत, त्या मुलींना आपण आधी कोण होतो आणि मग कोण झालो, याचा पत्ताही नसावा.

१४/ पण याच माणसांनी दुसऱ्या वाचकासाठीही लिहिले. जून १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' निघाले. पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन. भाषा मराठी. हा लेखक 'हेराल्ड'साठी लिहितो तेव्हा ज्यांच्याविषयी लिहितो ते ऐकत नसतात. 'ज्ञानोदया'त लिहितो तेव्हा ते समोरच बसलेले असतात. वाद घालतात, उलट लिहितात, त्याच्या मराठीला हसूही शकतात. एकाच घरातून निघालेली ही दोन प्रकारची लिखाणे शेजारी ठेवून वाचणे, हा माझ्या मते या विषयाचा खरा अभ्यास आहे.

१५/ उलट लिहिण्याची ही वाट किती दूर गेली पाहा. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध दोन भागांत छापून आला. लेखिका मुक्ता साळवे, वय सुमारे १४, फुल्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. तोपर्यंत अशा मुलींविषयी इतरांनी लिहिले होते. इथे मुलगी स्वतः लिहिते, आणि तिचे म्हणणे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात मावत नाही. दात्यांसाठी लिहिलेल्या शेकडो पानांपेक्षा हा एक निबंध मला मोलाचा वाटतो.

१६/ पैसा देणारा फक्त वाचत नसे; हुकूमही सोडत असे. १८५४ च्या अखेरीस बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचा विचार स्पष्ट होता : स्थानिक मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहावीत, त्यांचे पाळक इथलेच असावेत. त्यानुसार नगरमध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ही गोष्ट काळाच्या पुष्कळ पुढची होती आणि तिचे श्रेय अँडरसनना द्यायलाच हवे.

१७/ पण त्याच विचाराची दुसरी बाजू शाळांवर आली. बोर्डाचा पैसा धर्मप्रसारासाठी. इंग्रजी शिकून नोकरीला लागणाऱ्या मुलांवर किंवा हिंदू पंतोजींनी चालवलेल्या शाळांवर तो का खर्चावा? इंग्रजी शिक्षण आवरते घेतले गेले. हे घडले त्याच १८५४ साली वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला होता! मिशनला नगरमध्ये इंग्रजी हायस्कूल उभारायला १८८० चे दशक उजाडावे लागले. दरम्यानची पंचवीसेक वर्षे एका पिढीच्या वाट्याची होती. तिचे मत कोणी विचारले नाही, कारण पैसा तिचा नव्हता.

१८/ आता एका कुटुंबाकडे वळू. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना हे दांपत्य मुंबईत होते. रॉबर्ट 'ज्ञानोदय'चे संपादकही होते. १८५४ मध्ये मायदेशी परतताना त्यांचाही समुद्रावरच अंत झाला. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम, जन्म १८४७, भायखळा. अमेरिकेत शिकून तो १८७४ मध्ये पत्नी ॲबीसह नगरला आला आणि अर्धशतकाहून अधिक काळ या देशाशी बांधलेला राहिला. ॲबी १८८१ मध्ये वारली. पुढे त्याने केटी फेअरबँकशी विवाह केला. ती नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला काम केलेल्या सॅम्युएल फेअरबँक यांची मुलगी.

१९/ भायखळ्यात जन्मलेल्या माणसाला 'परदेश' कोणता? पत्र 'घरी' लिहायचे, पण घर बॉस्टनकडचे की नगरचे? पहिल्या पिढीने इथल्या जगाचे वर्णन पाहुण्याच्या डोळ्यांनी केले. दुसरी पिढी मात्र ज्यांच्यात वाढली त्यांच्याविषयीच दात्यांना सांगत होती. अशा माणसाला ठराविक वाक्ये लिहिणे जड जाते. ह्यूम यांना ते गेलेच.

२०/ १८८६ मध्ये सुटीवर अमेरिकेत असताना अँडोव्हर येथील सभेत ह्यूम बोलले. प्रश्न जुना होता : ज्यांनी ख्रिस्ताचे नावही कधी ऐकले नाही, ते मेल्यावर कायमचे नरकातच जातात का? अशांना मृत्यूनंतरही संधी मिळत असावी, या मताकडे ह्यूम यांनी कल दाखवला. बोर्डात खळबळ उडाली आणि नगरला परतण्याची त्यांची परवानगी अडवून धरण्यात आली. मोठ्या वादानंतर १८८७ मध्ये ती मिळाली.

२१/ हा मला या साऱ्या कथेतला कळीचा क्षण वाटतो. नगरच्या माणसाच्या आजी-आजोबांना नरकात टाकायला ह्यूम तयार नव्हते. पण अनेक वर्गणीदारांचा दानधर्म त्याच भीतीवर उभा होता : आपण पैसे पाठवले नाहीत तर लाखो जीव जळतील. ती भीती काढली तर पैसा आटणार! नगरच्या अनुभवाने शिकवलेली गोष्ट 'घरी' कळवण्याची किंमत नोकरी असू शकत होती. मग ज्यांनी कळवलेच नाही, असे किती असतील? प्रत्येक उत्साही अहवाल वाचताना हा प्रश्न मनात ठेवला पाहिजे.

२२/ 'म्हणजे पत्रे निव्वळ प्रचार!' असे म्हणून वही मिटणाऱ्यांसाठी पुढची गोष्ट. १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाखा होरपळला. दात्यांशी वर्षानुवर्षे जपलेला पत्रव्यवहार तेव्हा उपयोगी पडला. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेराल्ड' साप्ताहिकाने मदतीचे आवाहन केले आणि १९०० मध्ये 'क्विटो' नावाची आगबोट सुमारे दोन लाख बुशेल, म्हणजे पाच हजार टनांच्या आसपास मका घेऊन हिंदुस्थानाकडे निघाली. इथल्या वाटपाच्या समितीची मुख्य जबाबदारी ह्यूम यांच्याकडे होती. त्यासाठी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

२३/ या आवाहनांबरोबर हाडांचे सापळे झालेल्या मुलांची छायाचित्रे छापली जात. आज ती पाहवत नाहीत. माणसाचे हाल दाखवून पैसा उभा करणे योग्य की अयोग्य, हा वाद आजच्या प्रत्येक मदतसंस्थेच्या दारात उभा आहे. माझे मत असे : त्या मुलांना विचारून छायाचित्रे काढली नव्हती, हे सत्य आहे, आणि आलेला मका खाऊन माणसे जगली, हेही सत्य आहे. यातले सोयीचे तेवढे उचलणाऱ्याला वकिली जमेल, इतिहास जमणार नाही.

२४/ मग वहीबाहेरचे शोधायचे कुठे? मराठीतच. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध) घ्या. नारायण वामन टिळक मिशनच्या कामात होते आणि या संसाराची पुष्कळ वर्षे नगरमध्ये गेली. मिशनच्या आवारातले रोजचे जगणे, पगाराची ओढाताण, भलेपणा आणि फजिती हे सारे तिथे एका मराठी बाईच्या नजरेतून येते, आणि ते लिहिताना तिला बॉस्टनला काहीही पटवून द्यायचे नव्हते. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, यामागची अस्वस्थताही मग कळू लागते.

२५/ आणि वाट एकेरी नव्हती. सुमंतराव आणि डॉ. गुरुबाई करमरकर हे मराठी ख्रिस्ती दांपत्य अमेरिकेत जाऊन शिकले. गुरुबाई १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. म्हणजे आनंदीबाई जोशी जिथे शिकल्या, तिथूनच. परतून दोघांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्येच काम केले. ज्यांच्याविषयी अहवाल लिहिले जात, त्यांच्यातलेच दोघे आता अहवाल लिहिणाऱ्यांच्या रांगेत बसले होते. या जोडप्याविषयी आपण शाळेत एक ओळही वाचत नाही.

२६/ अशी पत्रे हाती आली तर तीन प्रश्न विचारा.
एक : हे छापण्याआधी कोणी निवडले, आणि काय वगळले असेल?
दोन : यातले काम प्रत्यक्ष कोणी केले? सही करणाऱ्याने, त्याच्या पत्नीने, की नाव नसलेल्या 'स्थानिक सहाय्यका'ने?
तीन : ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला हे वाचता आले असते, तर त्याने कोणते वाक्य खोडले असते?
तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधी 'ज्ञानोदया'त मिळते, कधी एखाद्या घराच्या आठवणींत.

२७/ अमेरिकन बोर्डाची पत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात नीट जपलेली, वर्गवारी लावलेली आहेत. हिशेब ज्याला दिला त्याने तो जपला. आपल्या टोकाला असलेली साधने, म्हणजे जुन्या शाळांची हजेरीपत्रके, चर्चच्या नोंदवह्या, ख्रिस्ती झालेल्या आणि न झालेल्याही घरांतल्या आठवणी, ही जपण्याची जबाबदारी कोणाची? माझ्या मते आपलीच. नाहीतर नगरच्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला आपल्याला कायम बॉस्टनच्या चष्म्यातूनच पाहावे लागेल, मग आपण त्या शाळांची स्तुती करत असू किंवा निंदा.

२८/ म्हणून एक विनंती. नगर, भिंगार, नेवासे, श्रीरामपूर, राहुरी, कुठलेही असा : घरात पणजी-खापरपणजी मिशनच्या शाळेत शिकली असेल, तर तिची पाटी, वही, प्रमाणपत्र, छायाचित्र, सांगितलेली एखादी हकिकत, जे काही असेल ते आधी लिहून ठेवा. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे तिच्याशी नाते यांसह. देणाऱ्यांच्या बाजूचा हिशेब दोनशे वर्षांपूर्वीच लिहायला घेतला गेला. घेणाऱ्यांच्या बाजूची वही अजून कोरी आहे.

#इतिहास #अहिल्यानगर #भिंगार